राज्य हिंसा प्रतिबंध समन्वय यंत्रणा : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरपंच, अंगणवाडी सेविका, आशा, संरक्षण अधिकारी (घरगुती हिंसाचार कायद्याखाली नेमलेले), वकील आणि बचत गटातल्या बाया यांच्याकडून या प्रस्तावित यंत्रणेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथं एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथं त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ही यंत्रणा म्हणजे काय? आणखी एक हेल्पलाइन का?

नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८ आहेतच. हिंसा होऊ नये आणि झालेली पुन्हा होऊ नये यासाठी राज्यात अनेक कार्यक्रम चालतात, पण ते गृह, महिला व बालविकास, सार्वजनिक आरोग्य, सामाजिक न्याय, ग्रामविकास, शालेय शिक्षण, कामगार आणि उत्पादन शुल्क अशा आठ ठिकाणी विखुरलेले आहेत. या सगळ्यांना एका नोंदीत आणि एका वेळापत्रकात बांधणारं, त्यांना जाब विचारणारं कार्यालय हवं, एवढीच मागणी आहे. हे कार्यालय स्वतः समुपदेशन केंद्र चालवणार नाही आणि तपासही करणार नाही. प्रकरण एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाताना हरवू द्यायचं नाही, हिंसा कुठं आणि कोणत्या महिन्यात वाढते ते शोधायचं आणि पैसा तिकडे वळवायचा, ही त्याची कामं.

२. पोलीस ठाणं आहे, कोर्ट आहे. मग अडतं कुठं?

ग्रामीण रुग्णालयातला बाह्यरुग्ण विभाग घ्या. बाई येते, केसपेपरवर ‘घरात पाय घसरून पडली’ असं लिहिलं जातं. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत, बाहेरच्या बाजूला वळ असतात. पाय घसरून पडलेल्या माणसाचे सहसा तळहात आणि गुडघे सोलवटतात. हाताच्या बाहेरच्या बाजूचे वळ मार अडवताना उठतात. डॉक्टरांना हे कळतं, पण पुढं कोणाला कळवायचं हे ठरलेलं नसतं. मलम घेऊन ती घरी जाते. महिनाभरानं पोलीस ठाण्यात गेली तर अदखलपात्र नोंद होते. संरक्षण अधिकाऱ्याकडं गेली तर घरगुती घटना अहवाल, म्हणजे डीआयआर, नव्यानं भरला जातो आणि त्यात रुग्णालयाचा कागद नसतो. सखी वन स्टॉप सेंटरच्या (हिंसा सोसणाऱ्या बायांना एकाच छताखाली मदत देणाऱ्या केंद्राच्या) रजिस्टरात तिचं नाव चौथ्यांदा लिहिलं जातं.

चार कार्यालयांत चार नोंदी होतात आणि प्रत्येक कार्यालयाला हा प्रकार पहिल्यांदाच घडल्यासारखा वाटतो. धोका वाढत चाललाय हे ओळखायचं तर या चार नोंदी एकमेकींशेजारी ठेवाव्या लागतात. आज ते कोणाचंच काम नाही.

३. राज्य महिला आयोग आहे, बालहक्क आयोग आहे. तेवढे पुरत नाहीत का?

त्यांचं काम वेगळं आहे. महिला आयोग १९९३ च्या राज्याच्या कायद्यानं आणि बालहक्क आयोग २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली चालतो. ते तक्रार ऐकतात, अहवाल मागवतात, शिफारस करतात. शासनावर बाहेरून लक्ष ठेवणाऱ्या अशा संस्था हव्यातच. पण खात्यांच्या रोजच्या कामाचं वेळापत्रक आखणं, निधी वाटणं, तालुक्याची बैठक झाली की नाही ते पाहणं हे शासनाच्या आतून करावं लागतं. दोन्ही कामं एकाच संस्थेला दिली तर ती स्वतःचीच चौकशी करत बसेल.

४. यासाठी कायदा करावा लागेल की शासन निर्णय पुरेल?

सुरुवातीला शासन निर्णय पुरतो. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्यसूचीत आहेत, त्यामुळे राज्याच्या अधिकाराचा प्रश्न येत नाही. जीआर काढायचा तर विषय कोणत्या विभागाकडे ते शासन कार्यनियमावलीत बसवावं लागतं, पदांचा आकृतिबंध, म्हणजे कोणती पदं किती ते, मंजूर करून घ्यावा लागतो, वित्त विभागाची सहमती आणि स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात खर्चाचा स्वतःचा रकाना, लागतं. यातला एक कागद राहिला तरी कार्यालयाची पाटी लागते आणि पगार अडकतो. लेखाशीर्ष नसलेलं कार्यालय दुसऱ्या विभागाच्या शिल्लक पैशांवर जगतं आणि मार्चअखेरीस पहिली कात्री त्यालाच लागते.

पण जीआरनं उभं केलेलं दुसऱ्या जीआरनं मोडता येतं. मुदतीवर टांगलेल्या संस्थेचं काय होतं हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. १९९४ मध्ये सुरू झालेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि काम थांबलं. त्या मंडळाला तर राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमाचा आधार होता. म्हणून आमचं स्पष्ट मत असं की दोन वर्षं जीआरवर काम करावं, त्यातून काय चालतं ते पाहावं आणि मग विधिमंडळात छोटा कायदा आणावा.

त्या कायद्यात नवे गुन्हे किंवा नव्या शिक्षा घालू नयेत. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद केली की राष्ट्रपतींची संमती लागते. महिला-बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणारं, डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळानं मंजूर केलेलं शक्ती विधेयक त्या संमतीअभावी लागू होऊ शकलं नाही. समन्वय, माहितीची देवाणघेवाण आणि उत्तरदायित्व एवढ्यापुरता मसुदा ठेवला तर ही अडचण टळते.

५. कार्यालय कोणत्या विभागाखाली असावं?

मुख्य सचिवांच्या अखत्यारीत. गृह विभागाखाली ठेवलं तर सगळं गुन्हे आणि बंदोबस्ताच्या भाषेत जातं. महिला व बालविकासाखाली ठेवलं तर उत्पादन शुल्क किंवा साखर आयुक्तालय त्या पत्राला उत्तर देईल याची खात्री नाही. समान दर्जाचा सचिव समान दर्जाच्या सचिवाला स्मरणपत्र पाठवू शकतो, काम लावू शकत नाही.

६. माणसं किती लागतील आणि मराठवाड्यात ती कुठं बसतील?

मुंबईत बारा ते पंधरा जण पुरेत. खरी गरज जिल्ह्यात आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या आठही जिल्ह्यांत प्रत्येकी दोन पूर्णवेळ माणसं हवीत : एक समन्वयक आणि एक नोंदी व आकडे पाहणारा. विभागीय आयुक्त कार्यालयात तिघांचा कक्ष. ‘अतिरिक्त पदभार’ हा शब्द आकृतिबंधात येऊ देऊ नका. संरक्षण अधिकाऱ्याचं पद जिथं जिथं अतिरिक्त पदभारावर चाललं, तिथं डीआयआर भरायला बाईला तीन-तीन चकरा माराव्या लागल्या, कारण साहेब मूळ पदाच्या बैठकीला गेलेले असतात.

तालुक्याला महिन्यातून एकदा दीड तासाची प्रकरण बैठक. संरक्षण अधिकारी, पोलीस ठाण्याचा अधिकारी, ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि तालुका विधी सेवा समितीचा वकील एवढेच. बैठकीत फक्त जास्त धोक्याची प्रकरणं घ्यायची, पंधरापेक्षा जास्त नाहीत. ‘प्रतिनिधी पाठवला आहे’ हे चालवून घेऊ नये. प्रतिनिधी ऐकून जातो, निर्णय पुढच्या महिन्यावर जातो, आणि मधला महिना त्या बाईला मार खात काढावा लागतो.

७. ‘जास्त धोका’ ठरवायचा कसा?

अंदाजानं नको. गळा दाबला का? जीवे मारायची धमकी दिली का? घरात कोयता, कुऱ्हाड किंवा कीटकनाशक दाखवून धमकावलं का? ती गरोदर आहे का? नुकतीच माहेरी किंवा वेगळी राहायला गेली का? मार आता पूर्वीपेक्षा वरचेवर पडतो का? हे सहा प्रश्न प्रत्येक कार्यालयात त्याच शब्दांत विचारावेत. गळा दाबल्याचं उत्तर ‘हो’ आलं तर बाकीच्यांची वाट पाहू नये. गळ्यावर वळ दिसत नसला तरी आतली इजा नंतर जिवावर बेतू शकते. त्याच दिवशी डॉक्टर आणि त्याच दिवशी पोलीस. ती वेगळी राहायला गेली म्हणजे सुटली असं समजून फाइल बंद करू नका. सोडून गेल्यानंतरचे काही आठवडे बहुतेक वेळा सगळ्यात धोक्याचे असतात.

८. पैसा कुठून येणार?

तीन ठिकाणांहून. सखी वन स्टॉप सेंटर आणि १८१ यांचा खर्च केंद्राच्या मिशन शक्तीतून येतो. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी आहे. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाच्या १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. अडचण अशी की हा पैसा फर्निचर, शिलाई मशीन आणि कार्यक्रमांवर जातो, कारण त्याची बिलं चटकन निघतात. बाईला रात्री तालुक्याहून जिल्ह्याला नेणाऱ्या गाडीच्या डिझेलला मात्र लेखाशीर्ष सापडत नाही. समन्वयकाच्या हातात तातडीच्या खर्चाची छोटी रक्कम आणि ती तिथल्या तिथं खर्च करायचा अधिकार हवा.

९. सगळ्यांची माहिती एकत्र केली तर बायांची नावं फुटणार नाहीत का?

ही भीती रास्त आहे. म्हणून माहितीचे दोन वेगळे प्रवाह ठेवावेत आणि ते कधीही मिसळू नयेत.

पहिला प्रवाह नावासह. तो फक्त तालुका प्रकरण बैठकीपुरता, बाईच्या लेखी संमतीनं. जिवाला धोका असेल किंवा बालकाचा प्रश्न असेल तर अपवाद. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि पोक्सोच्या (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) २३ व्या कलमात बालकांसाठी तशीच बंदी आहे. बैठकीचं इतिवृत्त व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं तिथंच बंद करायला हवं.

दुसरा प्रवाह बिननावाचा : ठिकाण, आठवड्याचा वार, वेळ, हत्यार. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या शल्यचिकित्सकांना आढळलं की मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्या पुष्कळ जणांची पोलिसांकडे नोंदच नसते. तिथं रुग्णालयानं ही बिननावाची माहिती पोलीस आणि नगरपालिकेला द्यायला सुरुवात केली, आणि गस्त व दारूच्या दुकानांवरची देखरेख त्यानुसार बदलली. ही पद्धत आपल्या उपजिल्हा रुग्णालयाला परवडणारी आहे. केसपेपरवर चार चौकोन वाढवायचे, एवढंच.

मात्र कार्डिफचा नियम जसाच्या तसा उचलता येत नाही. आठशे लोकवस्तीच्या गावात वार आणि वेळ सांगितली की नाव आपोआप कळतं. पाचपेक्षा कमी प्रकरणं असतील तर गावाचा आकडा जाहीर करू नये, तालुक्याचा करावा. वस्ती आणि तांड्याचं नाव तर कधीच नको.

१०. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचं काय? सहा महिने ती गावातच नसतात.

मराठवाड्यासाठी या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलला परततात. बीडची बाई पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर असते. तिचा संरक्षण अधिकारी, तिची आशा, तिचं पोलीस ठाणं मागं राहतं. कोपी, म्हणजे राहायची झोपडी, पाचटाची नाहीतर ताडपत्रीची. तिला कडी नसते. अंघोळ उजाडायच्या आत उघड्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, दोघांच्या नावावर असते. त्यामुळे मार खाऊन ती एकटी निघाली तर अर्धा कोयता निघून जातो आणि टोळी नेणारा मुकादम तिलाच परत बसवतो. पाळीत किंवा आजारपणात खाडा पडला की पैसे कापले जातात. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्यानं समिती नेमली, त्या प्रश्नाची एक मुळी इथंच आहे.

कायदा इथं बाईच्या बाजूनं आहे, फक्त तो कोणी सांगत नाही. घरगुती हिंसाचार कायद्याच्या २७ व्या कलमानुसार ती तात्पुरती राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो, आणि मिळालेला आदेश देशभर लागू असतो. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंदवता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात ते आता स्पष्ट आहे. फसतं ते समन्सवर. तारीख फेब्रुवारीत कारखान्याजवळच्या कोर्टात लागली आणि टोळी मार्चमध्ये गावी परतली, की समन्स ‘सदर ठिकाणी आढळून आली नाही’ असा शेरा घेऊन परत जातं.

यंत्रणेनं करायचं ते असं. गाव सोडण्याआधी ग्रामपंचायतीत स्थलांतराची नोंद. त्यात कारखाना, मुकादम, गट आणि बाईचा स्वतःचा किंवा भरवशाच्या नातलगाचा फोन. जास्त धोक्याची प्रकरणं (प्रश्न ७) कारखान्याच्या जिल्ह्यातल्या समन्वयकाकडे निघायच्या आधीच पोहोचायला हवीत. साखर आयुक्त दरवर्षी गाळप परवाना देतात. फडावर दिवे, आडोसा असलेलं न्हाणीघर आणि महिला तक्रारीसाठी नेमलेली व्यक्ती या अटी त्या परवान्याला जोडाव्यात. नुसती विनंतीपत्रं पाठवून कारखाने हलत नाहीत, परवान्यावर हलतात.

११. बालविवाह थांबवायचं काम कोणाचं?

गावात ग्रामसेवक, म्हणजे आताच्या पदनामानं ग्रामपंचायत अधिकारी, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. अंगणवाडी सेविका त्याला साहाय्य करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. परभणी आणि बीडमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे. ऊसतोडीत जोडीलाच कोयता मिळतो आणि मागं राहिलेल्या मुलीची आई-बापाला काळजी असते, ही दोन कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत.

चुकतं ते मांडव थांबवल्यानंतर. पालकांकडून हमीपत्र घेतलं जातं, फोटो निघतो, बातमी येते, आणि तीन आठवड्यांनी मामाच्या गावी, दुसऱ्या तालुक्यात, पहाटे लग्न लागतं. हमीपत्राला कायद्याचा दात नाही. दात आहे तो बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या १३ व्या कलमातल्या मनाई हुकमाला. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून तो घेतला आणि तरी लग्न लावलं, तर १४ व्या कलमानुसार ते लग्न मुळातच रद्द ठरतं. मनाई हुकमाची प्रत मामाच्या गावच्या ग्रामसेवकाकडे जायला हवी. बाल कल्याण समितीपुढे मुलीला हजर केल्यावर ती अठराची होईपर्यंत दर महिन्याला शाळेतली हजेरी तपासावी. सलग आठ दिवस गैरहजर म्हणजे घरी जाऊन पाहायचं.

१२. तंटामुक्ती समितीनं गावातच मिटवलं तर चालत नाही का? कोर्टकचेरी वाचते.

बांधाचा, पाण्याचा, भाऊबंदकीचा वाद मिटवा, अवश्य मिटवा. २००७ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेचा तोच हेतू होता. पण बालकावरचा लैंगिक अत्याचार, बलात्कार आणि अॅट्रॉसिटी हे गावानं मिटवायचे विषय नाहीत. पोक्सोच्या १९ व्या कलमानुसार माहिती असलेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवल्यास २१ व्या कलमाखाली शिक्षा आहे. म्हणजे ‘मिटवणारे’ पंचच आरोपी होतात.

नवरा-बायकोच्या मारहाणीत समेट बाईनं मागितला तरच, आणि तोही संरक्षण अधिकाऱ्यासमोर. पारावर चाळीस पुरुष बसलेले असताना ‘नांदायला जातेस का’ या प्रश्नाला ती ‘नाही’ कशी म्हणेल?

१३. अॅट्रॉसिटी आणि जातीय तणाव यात येतात का? त्यासाठी समित्या आहेत ना?

येतात, आणि त्या समित्या बाजूला सारायच्या नाहीत. अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य समितीनं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीनं दर तीन महिन्यांना बसायचं असतं. नवीन यंत्रणेनं ही बैठक झाली का, इतिवृत्त कुठं आहे, अर्थसाहाय्य सात दिवसांत पोहोचलं का, एवढं विचारलं तरी फरक पडेल.

प्रतिबंधाचं खरं काम नियम ३ मध्ये आहे : अत्याचाराची शक्यता असलेली ठिकाणं आधीच ओळखणं. नामांतराच्या काळात मराठवाड्यानं काय सोसलं ते इथल्या वस्त्यांना ठाऊक आहे. मिरवणुकीचा मार्ग, पाणवठा, गायरान, स्मशानभूमी, निवडणुकीचा निकाल : वाद पेटायच्या जागा आणि वेळा बहुतेक वेळा आधीपासून माहीत असतात. त्या नोंदवायच्या आणि जयंती, पोळा, ग्रामपंचायतीची मतमोजणी यांच्या पंधरा दिवस आधी तिथं जाऊन बसायचं.

१४. म्हाताऱ्या आई-बापांना मुलं मारतात, तेही यात धरणार का?

हो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर जमीन लिहून दिली आणि सांभाळलं नाही, तर २३ व्या कलमानं ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. ती अट दस्तात लिहिलेली असली पाहिजे, तोंडी असेल तर प्रकरण अवघड होतं. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. आई घरातल्या मारहाणीबद्दल घरगुती हिंसाचार कायद्याखालीही अर्ज करू शकते.

१५. यंत्रणा सुरू झाल्यावर तक्रारी वाढल्या, तर ती फसली असं म्हणायचं का?

पहिल्या दोन वर्षांत तक्रारी वाढायलाच हव्यात. बंद दार उघडलं की आतलं दिसणारच. तक्रारींच्या संख्येवर बक्षीस किंवा ठपका ठेवला तर ठाण्यात नोंदच घेतली जात नाही, हा धोका पक्का आहे. मोजायचं ते वेगळं : त्याच बाईला पुन्हा मार बसला का, पहिल्या नोंदीपासून न्यायालयातल्या पहिल्या तारखेपर्यंत किती दिवस गेले (अर्ज न्यायालयात पोहोचल्यापासून साधारण तीन दिवस असं घरगुती हिंसाचार कायद्यात म्हटलं आहे), आणि रुग्णालयात येणाऱ्या मारहाणीच्या गंभीर जखमा घटल्या का. स्कॉटलंडमध्ये २००५ मध्ये ग्लासगोच्या पोलिसांनी हिंसा कमी करण्यासाठी वेगळा कक्ष काढला आणि पुढच्याच वर्षी तो देशभराचा झाला. त्यांनी हिंसेकडे आजाराच्या साथीसारखं पाहिलं. साथीत रुग्ण लपवणारं गाव कोणी चांगलं मानत नाही.

१६. यंत्रणा होईल तेव्हा होईल. आमच्या ग्रामपंचायतीनं आत्ता काय करावं?

येत्या ग्रामसभेत ठराव घ्या की १० टक्के निधीतला ठरावीक हिस्सा तातडीच्या प्रवासासाठी ठेवला जाईल आणि तो आशा किंवा अंगणवाडी सेविकेच्या मागणीवर त्याच दिवशी मिळेल. गाव बाल संरक्षण समितीची बैठक शेवटची कधी झाली ते इतिवृत्तात पाहा. स्थलांतराची वही (प्रश्न १०) दसऱ्याआधी उघडा. दारूचं दुकान हा वाद असेल तर एक चतुर्थांश महिला मतदारांच्या सह्यांनी गुप्त मतदान मागता येतं. दुकान बंद व्हायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं ‘आडवी बाटली’ला, म्हणजे दुकान बंदच्या चिन्हाला, लागतात, नुसत्या आलेल्यांपैकी नाही. म्हणून मतदान ऊसतोडीच्या हंगामात लावून घेऊ नका.

आणि एक पाटी लावा. ११२, १८१, १०९८, तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा कार्यालयीन क्रमांक आणि सखी सेंटरचा पत्ता. ग्रामपंचायतीच्या दारावर लावली तर तिथं पुरुष बसलेले असतात, ती वाचायला बाई थांबत नाही. पिठाच्या गिरणीत, आरोग्य उपकेंद्राच्या लसीकरणाच्या खोलीत आणि शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूला लावा.